भूमिगत आकाशक

रेडिओ तरंगांच्या ग्रहणासाठी किंवा प्रेषणासाठी जमिनीच्या पृष्ठभागाखाली पुरलेल्या विद्युत् संवाहक तारेस, तारांच्या समूहास वा वेटोळ्यास भूमिगत आकाशक असे म्हणतात. ‘आकाशक’ या मराठी संज्ञेतच आकाश असल्यामुळे जमिनीत पुरलेल्या तारेला ती लावणे काहीसे विसंगत वाटते. ही विसंगती केवळ शब्दापुरती नाही. मार्कोनी यांनी १८९५ नंतर उंच खांबांवर तार चढवून संदेश दूर पाठविले, तेव्हापासून आकाशक जितका उंच तितका चांगला ही समजूत रेडिओ अभियांत्रिकीत रूढ झाली व ती बहुतांशी खरीही आहे. असे असता तार मातीखाली पुरून तिच्याकडून काम घेण्याचे प्रयत्न विसाव्या शतकात पुन:पुन्हा झाले आणि त्यांतील काही निर्विवादपणे यशस्वी ठरले. ते का यशस्वी झाले याचे जे स्पष्टीकरण प्रथम देण्यात आले, ते मात्र चुकीचे होते. चुकीच्या उपपत्तीवर उभी राहिलेली उपयुक्त युक्ती म्हणून या विषयाचा इतिहास लक्षणीय आहे.

जमीन रेडिओ तरंगांना कशी वागविते हे एका प्रत्यक्ष उदाहरणावरून पाहणे सोयीचे होईल. हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील शिरड शहापूर हे गाव दक्षिण ट्रॅपच्या, म्हणजे लाव्ह्याच्या थरांनी बनलेल्या प्रदेशात आहे. अशा गावात विहीर खणताना वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या आणि शेवटी काळा पाषाण लागतो. ओल्या काळ्या मातीची विद्युत् रोधकता फार कमी असते. ती १० ओहम-मीटर धरली, तर १,३०५ किलोहर्ट्झ कंप्रतेच्या मध्यम तरंगाची तीव्रता जमिनीत सुमारे १·४ मी. खोलीवरच मूळच्या ३७ टक्क्यांवर येते. या खोलीला वेधन खोली म्हणता येईल. कंप्रता १८ किलोहर्ट्झपर्यंत उतरविली, तर ही खोली सुमारे १२ मी. होते आणि ७६ हर्ट्झला ती १८० मी.च्या आसपास जाते. माती काढून टाकून अखंड, कोरडा बेसाल्ट घेतला व त्याची रोधकता १,००० ओहम-मीटर धरली, तर शेवटच्या दोन कंप्रतांसाठी हे आकडे दहापट होतात. तात्पर्य, कंप्रता जितकी कमी व जमीन जितकी कुसंवाहक, तितका तरंग खोल उतरतो. काळ्या जमिनीत आणखी एक अडचण आहे. पावसाळ्यात फुगणारी ही माती उन्हाळ्यात आकसून तिला हातभर खोल भेगा पडतात, त्यामुळे पुरलेल्या तारेचा मातीशी असलेला संपर्क आणि तारेचे गुणधर्म ऋतूनुसार पालटतात. घरांच्या भिंतींना तडे जाण्याचे या भागातील कारण तेच येथेही लागू पडते.

पूर्वपीठिका : जमिनीतून विद्युत् संदेश पाठविण्याची कल्पना रेडिओपेक्षा जुनी आहे. म्यूनिकचे श्टाइनहाइल यांनी १८३८ मध्ये तारायंत्राच्या परतीच्या मार्गासाठी रेल्वेचे रूळ वापरून पाहिले. रुळांतील प्रवाह जमिनीत झिरपतो असे दिसल्यावर परतीची तार मुळात अनावश्यकच आहे, दोन्ही टोके जमिनीत पुरली तरी मंडल पुरे होते, असे त्यांच्या लक्षात आले. तेव्हापासून तारायंत्रांच्या खर्चात निम्म्या तारेची बचत झाली. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याने याच तत्त्वाचा ‘भूमीवाटे तारायंत्र’ म्हणून उपयोग केला. तोफांच्या माऱ्याने खंदकांतील टेलिफोनच्या तारा वारंवार तुटत, तेव्हा दोन लोखंडी मेखा काही अंतरावर ठोकून त्यांत गुणगुणणाऱ्या कंप्रतेचा प्रवाह सोडीत, दोन-तीन किमी. अंतरावर तशाच दोन मेखांना जोडलेल्या विवर्धकातून तो ऐकू येई. अर्थात शत्रूलाही तो तितकाच स्पष्ट ऐकू येई. हे रेडिओ नव्हे. येथे तरंगांचे प्रारण नगण्य असून नुसते संवहन असते. पुढील काळात या दोन गोष्टींची गल्लत पुष्कळ झाली, म्हणून हा भेद येथेच नोंदविला आहे.

रेडिओ तरंगांसाठी जमिनीलगत आडव्या ताणलेल्या तारांचा पद्धतशीर अभ्यास जर्मन तारखात्यातील फ्रांट्स कीबित्स यांनी १९११-१२ च्या सुमारास बर्लिनच्या नैर्ऋत्येस बेल्त्सिख येथे केला. उंच मनोऱ्यांशिवायही दूरची केंद्रे ऐकू येतात आणि तार ज्या दिशेने टाकली असेल त्या दिशेची केंद्रे अधिक स्पष्ट येतात, असे त्यांना आढळले. त्याआधी त्सेनेक यांनी १९०७ मध्ये आणि झोमरफेल्ट यांनी १९०९ मध्ये संवाहक पृष्ठभागावरून जाणाऱ्या तरंगांचे गणित मांडले होते. जमीन परिपूर्ण संवाहक नसल्यामुळे तिच्यावरून सरकणाऱ्या तरंगाचा खालचा भाग किंचित मागे रेंगाळतो आणि तरंगमुख पुढे झुकते, हे त्या गणितातून निघत होते. कीबित्स यांच्या तारांचे रहस्य या झुकण्यातच होते. परंतु गणित जर्मन नियतकालिकांत राहिले आणि तार अमेरिकेत पुरली गेली.

रॉजर्स यांचे कार्य : जेम्स हॅरिस रॉजर्स (१८५०—१९२९) हे विद्यापीठीय भौतिकीविज्ञ नव्हते. वॉशिंग्टन येथील संसद भवनात त्यांनी काही वर्षे विद्युत् तंत्रज्ञ म्हणून काम केले होते आणि तारायंत्र व टेलिफोन यांतील शोधांची अनेक एकस्वे त्यांच्या नावावर होती. मेरिलंड राज्यातील हायट्‌सव्हिल या गावी त्यांची खाजगी प्रयोगशाळा होती. तेथे त्यांनी चर खणून त्यांत निरोधित तारा पुरल्या व त्या ग्राहीला जोडल्या. दूरची केंद्रे तर ऐकू आलीच, पण विशेष म्हणजे वादळाच्या रात्री, उंच तारेवर नुसती खरखर ऐकू येत असता, जमिनीतील तारेवरून संदेश उतरवून घेता येत. त्यांना १९१७ व १९१९ मध्ये या पद्धतीची एकस्वे मिळाली.

रॉजर्स यांचे स्पष्टीकरण असे होते की, प्रेषकाची निम्मी ऊर्जा आकाशकातून हवेत जाते, तर निम्मी त्याच्या भूयोजनातून जमिनीत उतरून पृथ्वीच्या पोटातून सर्वत्र पसरते. प्रकाशाप्रमाणे सरळ जाणारे हर्ट्‌झ यांचे तरंग पृथ्वीच्या वक्रतेभोवती वळणार कसे? ज्या अर्थी अटलांटिकपलीकडचे संदेश पोहोचतात, त्या अर्थी ते जमिनीतूनच येत असले पाहिजेत. हा युक्तिवाद त्या काळी अगदीच वेडगळ नव्हता, हे ध्यानात घ्यावयास हवे. केनेली व हेव्हिसाइड यांनी १९०२ मध्ये वरच्या वातावरणात परावर्तक थर असल्याचे सुचविले होते, पण त्याचा प्रयोगसिद्ध पुरावा ॲपल्टन यांच्याकडून मिळण्यास १९२४ साल उजाडावयाचे होते. पृथ्वीच्या द्वारे ऊर्जा पाठविण्याची टेस्ला यांची जुनी कल्पनाही लोकांच्या स्मरणात होती. ‘इलेक्ट्रिकल एक्सपेरिमेंटर’ या न्यूयॉर्कच्या मासिकाने मार्च १९१९ च्या अंकात रॉजर्स यांच्या तारेला अमेरिकेचा सर्वांत मोठा युद्धकालीन शोध म्हणून गौरविले. युद्ध संपल्यावर गुप्ततेचे बंधन सुटले होते आणि वाचकांना अशा कथा हव्या होत्या.

अमेरिकेने १९१७ मध्ये युद्धात प्रवेश केला, तेव्हा समुद्राखालील केबली तोडल्या जाण्याचे भय होते आणि युरोपशी रेडिओ संपर्क उन्हाळ्यातील वातावरणीय गोंगाटामुळे तासन्‌तास खंडित होत असे. नौदलाने रॉजर्स यांची पद्धत तपासण्याचे काम ॲल्बर्ट हॉइट टेलर यांच्याकडे सोपविले. टेलर हे भौतिकीचे प्राध्यापक होते. त्यांनी मिशिगन सरोवराकाठच्या ग्रेट लेक्स नौदल केंद्रात जमिनीत व सरोवराच्या पाण्यात तारा टाकून मोजमापे घेतली आणि पुढे न्यू जर्सीतील बेलमार येथे युरोपीय केंद्रांचे संदेश घेण्यासाठी अशा तारा प्रत्यक्ष वापरल्या. त्यांचा निबंध १९१९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक तरंगलांबीसाठी पुरलेल्या तारेची एक इष्टतम लांबी असते, तिच्यापेक्षा लांब तार टाकल्याने लाभ होत नाही, तार दिशादर्शी असते आणि जमीन ओली की कोरडी यावर ही लांबी अवलंबून असते, हे निष्कर्ष आजही ग्राह्य आहेत. रॉजर्स यांच्या उपपत्तीवर त्यांनी आपले काम उभारले नाही. याच टेलर यांनी आपले सहकारी लिओ यंग यांच्यासह १९२२ मध्ये पोटोमॅक नदीवरून जाणाऱ्या जहाजामुळे रेडिओ संकेतात होणारा चढउतार टिपला. अमेरिकेतील रडारचा इतिहास तेथून सुरू होतो.

तार चालते ती कशी : तरंग दूरवरून हवेतूनच येतो. झुकलेल्या तरंगमुखामुळे त्याच्या विद्युत् क्षेत्राला एक लहानसा आडवा घटक प्राप्त होतो. पृष्ठभागाशी आडवे क्षेत्र हवेत व मातीत सारखेच असते, म्हणून हा घटक जमिनीत शिरतो आणि जवळजवळ सरळ खाली उतरत क्षीण होत जातो. पुरलेली आडवी तार त्याला पकडते. म्हणजे हजारो किमी.चा प्रवास वरून आणि शेवटचा हात-दीड हात खालून, असा हा प्रकार आहे. निरोधक वेष्टन असलेली तार व तिच्याभोवतीची संवाहक माती मिळून एक समाक्ष केबल बनते. तिच्यातील तरंगाचा वेग हवेतील वेगापेक्षा कमी असल्याने टेलर यांना सापडलेली इष्टतम लांबी हवेतील तरंगलांबीशी जुळत नव्हती.

या रीतीने मिळणारा संकेत उंच आकाशकाच्या मानाने अत्यंत दुबळा असतो. तरीही तो उपयोगी पडतो, कारण लांब तरंगांच्या ग्रहणात अडसर संकेताच्या दुबळेपणाचा नसून गोंगाटाचा असतो. दूरवरच्या विजांमुळे होणारी खरखर ग्राहीच्या स्वत:च्या गोंगाटापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते. तार पुरली की संकेत व खरखर दोन्ही सारख्याच प्रमाणात घटतात. त्यांचे परस्पर प्रमाण बिघडत नाही. उलट तार एकाच दिशेला अधिक संवेदनशील असल्याने इतर दिशांकडून येणारी खरखर गळते आणि विद्युत् भारित पावसाचे थेंब वा धूळ उघड्या तारेवर आदळून होणारा उपद्रव तर पूर्णपणे टळतो. घटलेला संकेत पुन्हा मोठा करण्यासाठी मात्र चांगला विवर्धक हवा. तो ट्रायोड इलेक्ट्रॉन नलिकेने दिला. द फॉरेस्ट यांनी १९०६-०७ मध्ये बनविलेली ही नलिका भरवशाची विवर्धक होण्यास आणखी काही वर्षे लागली. प्रस्तुत लेखकाच्या मते भूमिगत आकाशकाच्या यशाचे श्रेय वाटताना या नलिकेला आजवर फारच कमी वाटा मिळाला आहे. हीच तार १९०० साली पुरली असती, तर तिच्यावर काहीही ऐकू आले नसते.

प्रेषणाची गोष्ट वेगळी आहे. तेथे मातीत गेलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने कायमची वाया जाते आणि प्रेषकाच्या शक्तीचा शेकडा एक भागही पुष्कळदा तरंगरूपाने बाहेर पडत नाही. रॉजर्स यांनी प्रेषणाचेही दावे केले होते, काही किमी. अंतरापलीकडे ते व्यवहारात उतरले नाहीत.

युद्धानंतर पुरलेली तार लवकरच मागे पडली. हॅरल्ड बेव्हरिज यांनी तीच लांब आडवी तार जमिनीतून काढून खांबांवर काही मी. उंचीवर टाकली, तिचे दूरचे टोक योग्य रोधाद्वारे जमिनीला जोडले आणि मातीतील बरीचशी हानी टाळून तेवढीच दिशादर्शकता मिळविली. लाँग आयलंडवरील रिव्हरहेड येथे अशी सुमारे १४ किमी. लांबीची तार उभारली गेली. हौशी प्रेषकांचे अटलांटिकपार संदेश डिसेंबर १९२१ मध्ये स्कॉटलंडमध्ये ऐकले गेले ते बेव्हरिज यांच्या तारेवरच. पुढे लघुतरंगांचा जमाना आला. भारतात पुण्याजवळ खडकी व दौंड येथील ‘बीम’ केंद्रांतून इंग्लंडशी थेट रेडिओ तारसेवा १९२७ मध्ये सुरू झाली, ती उंच मनोऱ्यांवरील लघुतरंग आकाशकांच्या आधारेच.

मनोऱ्याखालील तांबे : येथे एका जवळच्या प्रकाराचा उल्लेख करणे आवश्यक आहे, कारण महाराष्ट्रात जमिनीखाली पुरलेल्या रेडिओ तारांपैकी पुष्कळशा याच प्रकारच्या आहेत. मध्यम तरंगांवर प्रक्षेपण करणाऱ्या उभ्या मनोऱ्याचा परतीचा प्रवाह जमिनीतून वाहतो व मातीच्या रोधामुळे शक्ती वाया जाते. ती वाचविण्यासाठी मनोऱ्याच्या पायथ्यापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे चहूकडे तांब्याच्या तारा १५ ते ३० सेंमी. खोलीवर पुरतात. अशा किती तारा लागतात हे अमेरिकेत ब्राउन, ल्यूइस व एप्स्टाइन यांनी १९३७ मध्ये प्रयोगाने ठरविले आणि १२० तारांचा दंडक रूढ झाला. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा होण्यापूर्वी ज्या परभणी जिल्ह्याचा भाग होता, त्या परभणीच्या आकाशवाणी केंद्राने मध्यम तरंगांवर १,३०५ किलोहर्ट्झ ही कंप्रता वापरली. तिची तरंगलांबी सुमारे २३० मी. भरते. पाव तरंगलांबीच्या १२० तारा या प्रमाणित हिशेबाने अशा कंप्रतेच्या एका मनोऱ्याखाली जवळजवळ ७ किमी. तार लागते. आऱ्यांची ही तार स्वत: आकाशक नसून आकाशकाचा पाया आहे. परंतु मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत संध्याकाळच्या बातम्या व शेतीविषयक कार्यक्रम ऐकणाऱ्यांपर्यंत आवाज पोहोचविण्यात मनोऱ्याइतकाच अशा न दिसणाऱ्या तांब्याचाही वाटा होता. ओली काळी माती स्वत:च सुसंवाहक असल्याने हा प्रदेश मध्यम तरंगांच्या भूपृष्ठीय प्रसारणाला खडकाळ कोकणापेक्षा अधिक अनुकूल ठरतो.

शीतयुद्ध : सु. १९५५ नंतर भूमिगत आकाशकाकडे पुन्हा लक्ष वळले. या वेळी कारण गोंगाटाचे नव्हते. अणुस्फोटाच्या दाबलाटेत मनोरे व उंच तारा टिकणार नाहीत, पण जमिनीखालची तार टिकेल, असा हिशेब होता. क्षेपणास्त्रांच्या भूमिगत कोठ्यांना व नियंत्रण कक्षांना हल्ल्यानंतरही आज्ञा पोहोचावी यासाठी निरनिराळ्या कंप्रतांचे पुरलेले आकाशक तयार करण्यात आले. प्रेषणातील प्रचंड हानी येथे जाणूनबुजून पत्करली होती. या निमित्ताने जेम्स वेट यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी जमिनीतील तारांचे व वेटोळ्यांचे गणित पक्के केले आणि रॉजर्स व टेलर यांच्या निरीक्षणांना चाळीस वर्षांनी पूर्ण सैद्धांतिक आधार मिळाला. हॅरल्ड व्हीलर यांनी तर भूकवचात खोलवर असलेल्या कोरड्या, कुसंवाहक खडकाचा थर तरंगमार्गदर्शक म्हणून वापरता येईल काय, असा प्रश्न मांडला. खोल विंधन विवरांत आकाशक सोडून प्रयोगही झाले. पृथ्वीच्या पोटातून संदेश जाण्याचे रॉजर्स यांचे स्वप्न वेगळ्या रूपात क्षणभर जागे झाले, पण असा सलग कोरडा थर व्यवहारात मिळाला नाही.

सर्वांत महत्त्वाकांक्षी योजना पाणबुड्यांसाठी होती. समुद्राचे पाणी काळ्या मातीपेक्षाही कितीतरी सुसंवाहक असल्याने १५ किलोहर्ट्झच्या तरंगाची त्यातील वेधन खोली जेमतेम २ मी. असते, तर ७६ हर्ट्झला ती सुमारे २९ मी. होते. परंतु ७६ हर्ट्झची तरंगलांबी जवळजवळ ३,९०० किमी. आहे. एवढ्या तरंगासाठी मनोरा बांधणे अशक्यच. निकोलस क्रिस्टोफिलॉस यांनी यावर सुचविलेला उपाय असा : खालचा खडक अत्यंत कुसंवाहक असेल तेथे लांब तार टाकावी व तिची दोन्ही टोके जमिनीत खोलवर जोडावी. परतीचा प्रवाह उथळ वाट न मिळाल्याने खूप खोल उतरतो आणि तार व पृथ्वी मिळून एक प्रचंड उभे वेटोळे तयार होते. येथे जमीन आकाशकाची शत्रू राहत नाही. ती त्याचा अर्धा भाग बनते.

विस्कॉन्सिन राज्यातील प्राचीन स्फटिकी खडक यासाठी निवडण्यात आले. ‘सँग्विन’ नावाच्या मूळ आराखड्यात सुमारे ९,७०० किमी. केबल पुरावयाची होती आणि तिच्या जाळ्याने राज्याचा जवळजवळ दोन-पंचमांश भाग व्यापला असता. आकडे जाहीर झाले तेव्हा शेतकरी, सरोवराकाठचे रहिवासी व लोकप्रतिनिधी यांनी कडाडून विरोध केला. जमिनीतील प्रवाहाचा गुराढोरांवर, कुंपणांच्या तारांवर आणि माणसांच्या आरोग्यावर काय परिणाम होईल हा एक प्रश्न होता; शत्रूचे पहिले लक्ष्य आपल्या शेतात का पुरावे हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर पुष्कळ संशोधन झाले. दुसऱ्या प्रश्नाला तांत्रिक उत्तर नव्हते. योजनेची नावे पालटत गेली, आकार आकसत गेला आणि हल्ल्यातून वाचण्याचा मूळ हेतूही सुटला. अखेरीस क्लॅम लेक (विस्कॉन्सिन) व मिशिगन येथे मिळून सुमारे १३५ किमी. लांबीच्या, खांबांवरून नेलेल्या आणि टोकांशी जमिनीत जोडलेल्या तारांवर १९८९ मध्ये सेवा सुरू झाली. काही मेगावॉट शक्ती ओतून दहा वॉटपेक्षाही कमी प्रारण मिळे आणि तीन अक्षरांचा संकेत पाठविण्यास सुमारे पंधरा मिनिटे लागत. सप्टेंबर २००४ मध्ये ही केंद्रे बंद करण्यात आली. रशियाने कोला द्वीपकल्पात ८२ हर्ट्झचे असेच केंद्र उभारले.

भारतीय नौदलाने पाणबुड्यांशी संपर्कासाठी याहून वरची, म्हणजे अतिनीच कंप्रता निवडली. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ विजयनारायणम् येथील ‘आयएनएस कट्टबोम्मन’ हे केंद्र १९९० मध्ये कार्यान्वित झाले. दुसऱ्या केंद्राची कोनशिला तेलंगणातील विकाराबादजवळ दामगुंडम् येथे १५ ऑक्टोबर २०२४ रोजी बसविण्यात आली. या केंद्रांचे आकाशक उंच मनोऱ्यांवर असले, तरी अशा मनोऱ्यांभोवती विस्तीर्ण क्षेत्रात भूमिगत संवाहक जाळे पसरावे लागते. त्यासाठी लागणारी जमीन हाच वादाचा विषय होतो. दामगुंडम् येथे राखीव वन, मूसी नदीचे उगमक्षेत्र व तेथील देवस्थान यांच्या काळजीने स्थानिकांनी विरोध नोंदविला. विस्कॉन्सिनमध्ये विचारले गेलेले प्रश्न दख्खनच्या पठारावर जवळजवळ त्याच शब्दांत विचारले गेले, हे पाहण्यासारखे आहे.

खाणी व बोगद्यांतील संपर्काला येथे ओझरता स्पर्श पुरे. तेथे तार मातीत पुरलेली नसून पोकळीत टांगलेली असते. बाह्य वेष्टनात जागोजागी फटी ठेवलेल्या समाक्ष केबलीतून तरंग थोडेथोडे बाहेर झिरपू देणे ही त्यासाठी रूढ झालेली रीत होय. खाणीचे छत कोसळून केबल तुटली, तर मात्र उरतो तो जमिनीतून आरपार जाणारा नीच कंप्रतेचा तरंगच. अमेरिकेत २००६ मधील सेगो खाण दुर्घटनेनंतर अशा संचांच्या विकासाला पुन्हा चालना मिळाली.

मराठवाड्यातील भूमिगत ग्रहण : भूमिगत आकाशकाचा एक उपयोग असा आहे की, ज्यात प्रेषक निसर्गच असतो. सूर्याकडून येणाऱ्या विद्युत् भारित कणांमुळे व जगभरच्या विजांमुळे पृथ्वीभोवती सतत नैसर्गिक विद्युत् चुंबकीय तरंग खेळत असतात. ते जमिनीत किती खोल उतरतात हे खालच्या खडकांच्या रोधकतेवर अवलंबून असल्याने, पृष्ठभागाशी विद्युत् व चुंबकीय क्षेत्रे एकाच वेळी मोजली की खोलवरच्या थरांचा अंदाज येतो. टिखोनोव्ह (१९५०) व कान्यार (१९५३) यांनी या मॅग्नेटोटेल्यूरिक पद्धतीचा पाया घातला. प्रत्यक्ष कामात सुमारे शंभर मी. अंतरावर विद्युत् अग्रांच्या दोन जोड्या परस्परांशी काटकोनात पुरतात. अग्रांभोवतीची माती पाणी घालून ओली ठेवतात आणि चुंबकीय वेटोळी चरात पुरून ठेवतात. ती वाऱ्याने तिळभर हालली, तरी नोंद बिघडते. रॉजर्स यांच्या चरातील तारेचे हे दूरचे वंशज म्हटले तर वावगे ठरू नये.

किल्लारी येथे ३० सप्टेंबर १९९३ रोजी झालेल्या भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने या भागात अशी सर्वेक्षणे केली. भूकंपग्रस्त क्षेत्रात घेतलेल्या विंधन विवरात बेसाल्टची जाडी ३३८ मी. भरली. तिच्याखाली काही मीटर जाडीचा गाळाचा थर व त्याखाली प्राचीन स्फटिकी खडक लागले. विवर पोहोचू शकत नाही तेथे, काही किमी. खोलीवर, सुसंवाहक भाग असल्याचे संकेत मॅग्नेटोटेल्यूरिक मोजमापांतून मिळाले व तो तेथील द्रवांमुळे असावा असे अनुमान काढण्यात आले. बेसाल्टचे जाड आवरण ध्वनितरंगांनी शोध घेण्याच्या पद्धतींना अडचणीचे असते. नीच कंप्रतेच्या विद्युत् चुंबकीय तरंगांना मात्र ते जवळजवळ पारदर्शक ठरते. या कामात त्रास होतो तो वीजवाहिन्या व विहिरींवरील पंप यांच्या ५० हर्ट्झच्या गुणगुणीचा. म्हणून वीजपुरवठा खंडित असलेली रात्र, जिला शेतकरी शिव्या देतो, ती अशा नोंदींना उत्तम असते.

औंढा नागनाथ परिसरात गुरुत्वीय तरंगांचा वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिच्या भुजा प्रत्येकी ४ किमी. लांबीच्या असतील. हे यंत्र रेडिओचे नव्हे. त्यासाठी जमिनीचा कंप कमी असणे महत्त्वाचे. तरीही नैसर्गिक रेडिओ तरंगांशी त्याचा संबंध येतोच. शूमान यांनी १९५२ मध्ये भाकीत केल्याप्रमाणे पृथ्वीचा पृष्ठभाग व आयनांबर यांमधील पोकळी विजांमुळे सुमारे ८ हर्ट्झला अनुस्पंदित होते. हे क्षीण चुंबकीय स्पंदन सर्व जगभर एकाच वेळी असते. ते दूरदूरच्या वेधशाळांतील आरशांच्या आधारयंत्रणांना सारखेच किंचित हलवू शकते आणि दोन ठिकाणी एकत्र दिसणाऱ्या खऱ्या गुरुत्वीय गोंगाटाचा आभास निर्माण करू शकते. म्हणून अशा वेधशाळांच्या परिसरात, इमारती व वीजवाहिन्या यांपासून शक्य तितक्या दूर, संवेदनशील चुंबकत्वमापके बसवून या स्पंदनाची अखंड नोंद ठेवतात आणि तिच्या आधारे मुख्य मोजमापातील भेसळ वजा करण्याचा प्रयत्न करतात.